होडीचा वाटा



कामगार संघटनेत उमर घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत शिडाच्या होडीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. अशा माणसाने पगार, महागाई आणि कायदा यांवर बोलावे; होडी बाळगणे हा श्रीमंतांचा शौक, त्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. माझी बरीचशी वर्षे बंदरांत, धक्क्यांवर आणि खाडीकाठच्या वस्त्यांत गेली. शाळा मी लवकर सोडली. पुढे जे काही शिकलो ते थोडे वाचनालयात आणि पुष्कळसे नाखवा, खलाशी व सुतार यांच्या तोंडून. गेली काही वर्षे आम्ही पाच जण मिळून एक अठरा फुटी शिडाची होडी बाळगतो. तिची जमाखर्चाची वही माझ्याकडे असते. त्यामुळे या विषयातले सुख, खर्च आणि निगा या तिन्ही गोष्टी मला एकाच वहीत पाहावयास मिळाल्या. त्याच आज तुमच्यापुढे मांडतो.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. कोकण किनाऱ्यावर मासळी विकून आलेल्या पैशांचे वाटे पडतात. चाल गावागणिक निराळी असते. पण पुष्कळ ठिकाणी माणसांच्या वाट्यांबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा काढतात. होडीला पोट नाही, पोरेबाळे नाहीत, मग तिला वाटा कशाला? हा प्रश्न मी अनेकांना विचारला. काही मालक म्हणतात, "होडी माझी, म्हणून तिचा वाटा माझा." एक म्हातारा नाखवा मात्र मला म्हणाला, "तो वाटा होडीचाच हाय. मी नुसता सांभाळून ठेवतो." या दोन उत्तरांत जो फरक आहे, तोच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कोणती होडी?

प्रथम वस्तू कोणती ते नीट ठरवू. मी येथे मोठ्या गलबताविषयी बोलत नाही, किंवा चित्रांत दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र विलासी नौकेविषयीही नाही. सोळा ते वीस फूट लांबीची, वरून उघडी, एका डोलकाठीची, चारपाच माणसे बसतील अशी होडी माझ्या नजरेपुढे आहे. तिच्या तळाशी जो लांब वासा असतो त्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. तो होडीचा कणा. त्यावर दोन्ही बाजूंनी फासळ्यांसारखी वाकडी लाकडे उभी करतात आणि त्यांना बाहेरून फळ्या जडवतात. पुढचे टोक ती नाळ. मागे सुकाणू. डोलकाठीला एक लांब तिरकी काठी टांगतात आणि तिला शीड बांधतात. एवढा हा संसार. आज किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्यांना यंत्र बसले आहे आणि पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याला ते हवेच. परंतु हौसेसाठी होडी घेणाऱ्याने निदान शिकताना तरी शिडावर राहावे, असे माझे मत आहे.

शीड उभारले म्हणजे वारा होडीला पाठीमागून ढकलतो, एवढीच पुष्कळांची कल्पना असते. तसे असते तर गेलेली होडी वारा फिरेपर्यंत परतलीच नसती. वारा बाजूने आला तरी होडी पुढे जाते. त्याचे कारण असे की फुगलेले शीड होडीला काहीसे पुढे आणि बरेचसे आडवे ढकलते. पण खाली पाण्यात असलेला पठाण आणि होडीची बाजू तिला आडवे सरकू देत नाहीत. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली की ती समोर उडते, तशी मग होडी पुढे सुटते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिकडे जावयाचे असेल तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. सरळ वाटेने मैलभर असलेले गाव अशा वेळी दीड-दोन मैलांवर जाते.

वाऱ्याचे वेळापत्रक निसर्गाने आपल्या किनाऱ्यावर फार सोयीचे आखले आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे धाव घेते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि हाच व्यवहार उलटा होतो. हे मतलई वारे. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडावे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी यावे, हा आपल्या कोळी बांधवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम यातूनच आला.

दुसरे वेळापत्रक भरती-ओहोटीचे. दिवसाकाठी साधारण दोन भरत्या येतात आणि रोज त्या सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा दोन्ही बेताचे. मुंबईच्या आसपास भरतीची वेळ काढण्याची एक जुनी युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ठोकळ मानाने निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अचूक वेळेसाठी छापील कोष्टके असतात आणि ती पाहावीतच. परंतु तोंडी हिशेब येत असला की माणूस चिखलात अडकून बसत नाही.

सुख कशात आहे?

या होडीत सुख कोणते? पहिले सुख शांततेचे. यंत्राची घरघर नाही, तेलाचा वास नाही. नाळेखाली पाणी कापल्याचा तेवढा आवाज. वेग म्हणाल तर चांगल्या वाऱ्यात ताशी चार नॉट, म्हणजे तासाला साडेसात किलोमीटरांच्या आतबाहेर; झपाट्याने चालणाऱ्या माणसाच्या थोडा पुढे. पण सुकाणू हातात असताना तो वेग पुरेसा वाटतो. काठावरचे माड, देवळाचा कळस, सुरूचे बन हळूहळू मागे सरकतात आणि रोजच्या पाहण्यातला गाव पाण्यावरून नवा दिसतो.

दुसरे सुख समजून घेण्याचे आहे. शहरात वारा म्हणजे खिडकी उघडावी की लावावी एवढाच प्रश्न. होडीत बसलेला माणूस मात्र पाण्यावरची काळसर झुळूक दूरून ओळखावयास शिकतो, ढगांकडे पाहतो, गालावर वारा कोठून लागतो ते ध्यानात ठेवतो. हे ज्ञान परीक्षेला उपयोगी नाही, पण असे ज्ञान मिळवताना माणसाला स्वतःविषयी बरे वाटते. ज्याला शाळेत कोणी हुशार म्हटले नाही, त्यालाही वाटते. हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरे सुख कामकरी माणसाला विशेष कळेल. आमची हयात भोंग्यावर आणि हजेरीच्या घड्याळावर गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली तेव्हा कोठे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीचे करावयाचे काय, हाही प्रश्न मोलाचा आहे. होडीत गेलेल्या रविवारी भोंगा नसतो. तेथेही हुकूम असतो, पण तो भरतीचा. आणि भरती गरीब-श्रीमंत, मुकादम-मजूर असा भेद करीत नाही. ती सर्वांनाच सारखी ताटकळवते.

खरेदीचा खर्च

आता खर्चाकडे वळू. बाजारभाव दरसाल बदलतात, म्हणून मी रुपयांचे आकडे देत नाही. खर्च कशाकशाचा असतो ते सांगतो. आकडे तुम्ही त्या त्या बंदरात विचारून घाला.

पहिला खर्च कायेचा. लाकडी होडी सागवानाची उत्तम. आंबा, फणस, उंडी यांचाही उपयोग होतो. लाकडाची किंमत द्यावयाची म्हणजे वास्तविक झाडाच्या वाढीची वर्षे विकत घ्यावयाची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून व कसे घ्यावे याचा खुलासा केलेला आहे. आंबा-फणसासारखी झाडे आरमाराच्या कामाची खरी, पण ती रयतेने लेकरांसारखी वर्षानुवर्षे वाढवलेली असतात; म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. फळीचा भाव ऐकून आपण कपाळाला आठी घालतो तेव्हा हे आठवावे.

लाकडाऐवजी हल्ली काचतंतूची, म्हणजे फायबरची काया मिळते. तिला कीड लागत नाही, ती गळत नाही आणि तिची निगा कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उन्हाने तिचा वरचा थर पिठासारखा सुटतो, आघाताने आतून थर विलग होतात, आणि मेलेल्या फायबर होडीचे पुढे करावयाचे काय याला सोयीचे उत्तर नाही. लाकडी होडीचे निदान सरपण तरी होते.

दुसरा खर्च साजाचा: डोलकाठी, शीड, दोऱ्या, नांगर, वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे आणि माणशी एक तरंगते जाकीट. नवख्या माणसाचा हिशेब नेमका येथे चुकतो. तो कायेची किंमत ठरवून मोकळा होतो आणि साज "हळूहळू घेऊ" म्हणतो. तसे करू नये. नांगर नसलेली होडी म्हणजे दाराला कडी नसलेले घर. तिसरा खर्च कागदांचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील लहान बंदरांचा कारभार १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. आपली होडी ज्या बंदराच्या हद्दीत राहणार, तेथील कार्यालयात कोणती नोंदणी आणि कोणते परवाने लागतील ते पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

जुनी होडी घेणार असाल तर तिचा रंग पाहू नका. रंग सर्वांत स्वस्त असतो. बोथट सुरी घ्या आणि पठाणाच्या सांध्यात, डोलकाठीच्या बुडाशी, फळ्यांच्या टोकांशी दाबून पाहा. सुरी सहज आत गेली तर लाकूड कुजले आहे. खिळ्यांच्या डोक्यांखाली तांबूस ओघळ दिसले तर लोखंड गंजते आहे. होडीत खाली वाकून वास घ्या. कुजट वास रंगाने झाकता येत नाही. आणि हे सारे पाहताना सोबत एखादा जाणता सुतार असू द्या. त्याच्या त्या दिवसाची मजुरी हा सर्व व्यवहारातला सर्वांत फायद्याचा खर्च होय.

होडीचे शत्रू

होडीचे शत्रू पाच: ऊन, गोडे पाणी, कीड, शेवाळ-शिंपले आणि गंज.

उन्हाने फळ्या सुकून आकसतात आणि त्यांच्यामधल्या फटी उघडतात. बरेच दिवस कोरड्यावर राहिलेली होडी पाण्यात लोटताच गळू लागते ती यामुळेच. ती दिवस-दोन दिवस पाण्यात बांधून ठेवली की लाकूड फुगते आणि फटी पुष्कळशा आपोआप मिटतात. उरलेल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळेचा लेप देतात. शिडाचा आणि नायलॉनच्या दोऱ्यांचाही ऊन हाच मोठा वैरी. काम झाले की शीड गुंडाळून झाकलेच पाहिजे.

गोड्या पाण्याची गोष्ट चमत्कारिक आहे. होडीच्या आत साचलेले पावसाचे पाणी लाकूड कुजवते. खाऱ्या पाण्याने ते तितके कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. उलट बाहेरून गोडे पाणी लागले तर ते फायद्याचे, कारण लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड गोड्या पाण्यात तग धरीत नाही. सारांश, गोडे पाणी होडीला बाहेरून मित्र आणि आतून शत्रू.

ही कीड म्हणजे खरोखर किडा नव्हे. ती तिसऱ्यांच्या गोतातली, शिंपल्याची भाऊबंद आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून लहानपणी आत शिरते, आणि मग लाकडाच्या आतच वाढत व पोखरत जाते. बाहेरून फळी शाबूत दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत या किडीने त्याची जहाजे इतकी खाल्ली की १५०३ साली उरलेली दोन जहाजे जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला तेथे वर्षभर अडकून पडावे लागले. पुढे १७६१ साली इंग्रजांच्या आरमाराने अलार्म नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. कीड थांबली; परंतु तांब्याशेजारचे लोखंडी खिळे झपाट्याने गंजले. समुद्राच्या पाण्यात दोन निराळ्या धातू एकमेकींना लागून ठेवल्या की त्यांतली एक दुसरीला खाते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. तुमच्या लहान होडीतही तांब्याच्या खिळ्याशेजारी लोखंडी खिळा मारू नका.

शेवाळ आणि शिंपले यांची तक्रार निराळी. ते लाकूड खात नाहीत. पण तळ खरखरीत झाला की होडी जड चालते. त्यावर तळाला विषारी रंग देतात. विसाव्या शतकात कथिलाचे एक संयुग घातलेला रंग फार गाजला. तो कमालीचा परिणामकारक होता. परंतु फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास त्याने धोक्यात आली, कालवांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली आणि त्यांवर जगणारी कुटुंबे अडचणीत आली. फ्रान्सने १९८२ साली त्यावर निर्बंध घातले आणि २००८ साली जगभरच्या करारान्वये त्या रंगाला बंदी आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. होडीवाल्याची निगा स्वस्त झाली होती. तिची किंमत कालवे काढणारा भरीत होता. खर्च नाहीसा झाला असे जेव्हा जेव्हा वाटते, तेव्हा तो कोणाच्या खात्यावर पडला हे शोधावे. संघटनेच्या कामाने मला हीच एक सवय लावली आहे.

वर्षाचा क्रम

निगेचे वर्ष आमच्याकडे आगोटीला सुरू होते. मृगाआधी होडी वर ओढावयाची, गोड्या पाण्याने धुवावयाची, शीड व दोऱ्या सुकवून माळ्यावर टांगावयाच्या आणि होडीवर झापांचे छप्पर करावयाचे. मात्र छपराखाली वारा खेळता राहिला पाहिजे. कोंडलेली ओल पावसापेक्षा वाईट. पावसाळ्यात उघाड मिळेल तसे तासकाम आणि खिळेबदल. लाकडाला मुशीचे तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल पाजण्याची जुनी रीत आहे. काजूचे तेल हाताची कातडी सोलून काढते, तेव्हा जपून. श्रावणात फटी भरणे आणि रंग. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की होडी पाण्यात. पुढे दर महिना-दीड महिन्याने उधाणाच्या दिवशी भरतीला होडी वाळूवर आणून उभी करावयाची. ओहोटीत पाणी उतरले की ती कोरडी पडते. पुन्हा पाणी चढेपर्यंतच्या चार-पाच तासांत तळ खरवडून रंग दिलाच पाहिजे. तेथे उद्यावर ढकलता येत नाही.

आमच्या वहीप्रमाणे पाच जणांचे मिळून वर्षाचे पस्तीस-चाळीस रोज निगेत जातात. आणि सुट्टी, वारा व भरती जुळून येऊन शीड उभारण्याचे दिवस तीसच्या आसपास पडतात. म्हणजे होडी हाकण्यापेक्षा होडी घासण्यात आमचे अधिक दिवस जातात. पैशांच्या बाबतीत जगभरच्या होडीवाल्यांत एक ढोबळ अंदाज चालतो: होडीच्या किमतीचा दहावा भाग दरसाल निगेला लागतो असे धरावे. जुन्या लाकडी होडीला त्याहून थोडा अधिकच धरावा. दहा वर्षांत होडी दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखे होते, हे मान्य असेल त्यानेच त्या वाटेस जावे.

वाटा बुडवला तर

हा वाटा बुडवला तर काय होते ते सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बंदरात एका मालकाची शिडाची होडी होती. नारळी पौर्णिमेला तिला नवा रंग झाला, नाळेला हार घातला, पूजा झाली. शीड वर चढवण्याची दोरी मात्र तीन मोसमांची जुनी होती. खलाशाने दोनदा सांगितले होते. मालक म्हणाला, "एवढा हंगाम जाऊ दे." कार्तिकात भर वाऱ्यात ती दोरी तुटली. परबाण, म्हणजे शिडाची ती लांब काठी, शिडासकट खाली आली आणि खलाशाच्या उजव्या हाताची हाडे मोडली. तो हात पुन्हा वल्ह्याला लागला नाही. भरपाईच्या दाव्याचे कागद मीच लिहिले. दावा दोन वर्षे चालला. मिळालेल्या रकमेत तसल्या शंभर दोऱ्या आल्या असत्या. आणि ती रक्कम हाताची किंमत म्हणून कोणालाही पुरेशी वाटली नसती.

तुटलेली दोरी नंतर मी उलगडून पाहिली. वरचे पेड ठीक होते, आतून भुसा पडत होता. दोरी तपासावयाची ती अशी: पीळ उलटा फिरवून पेड उघडावेत आणि आत पाहावे. हे काम दोन मिनिटांचे आहे. त्या होडीचा वाटा दरसाल निघत होता, पण तो होडीपर्यंत पोचत नव्हता. मालकाने जे वाचवले ते आपल्या खिशातून वाचवले असे त्याला वाटले. वास्तविक ते खलाशाच्या हातातून काढलेले होते. हौसेच्या होडीत खलाशाच्या जागी आपला मुलगा, भाचा किंवा शेजारी बसलेला असतो, एवढाच फरक.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानात बांधलेले ट्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. दोनशे वर्षे केवळ सागवानाने काढली असे नाही. १९९० पासून सुमारे दहा वर्षे खपून कारागिरांनी त्याची दुरुस्ती केली, म्हणून ते दिसते. चांगले लाकूड आणि चांगली निगा यांची गाठ पडली म्हणजे वस्तू माणसाच्या आयुष्याला मागे टाकते.

पाच जणांची होडी

एवढा खर्च आणि एवढे श्रम एकट्या पगारदाराला झेपत नाहीत. त्यावर माझा उपाय जुनाच आहे: एकत्र या. पाच जणांनी एक होडी घ्यावी. परंतु मैत्रीवर होडी चालत नाही, नियमांवर चालते. आणि नियम नीट असले तर मैत्री टिकते. आमचे नियम साधे आहेत.

पहिला नियम, होडीचा वाटा आधी. प्रत्येकाने दरमहा ठरलेली वर्गणी द्यावयाची, त्या महिन्यात तो होडीत बसला असो वा नसो. ती रक्कम निराळ्या खात्यात राहते आणि निगेखेरीज तिला कोणी हात लावीत नाही. दुसरा, श्रमाचे रोज वाटून घ्यावयाचे. ज्याला जमत नाही त्याने बदली मजुराची मजुरी द्यावी. पण वर्षातून निदान दोन दिवस त्याने स्वतः तळ खरवडलाच पाहिजे. आपल्या हाताने जी फळी घासली तिच्यातली चीर आपल्याला दिसते. तिसरा, प्रत्येक फेरीनंतर वहीत नोंद: कोण गेले, वारा कसा होता, काय झिजले, काय तुटले. चौथा नियम आमच्या वादावादीतून निघाला आणि मला तो सर्वांत प्रिय आहे: होडी सोडावयाची तर जाणाऱ्या सर्वांचे मत हवे, थांबवावयाची तर एकाचे पुरे. हवामान खात्याचा इशारा असेल तर मताचाही प्रश्न नाही. पाचवा, सुताराची मजुरी त्याच दिवशी. लाकडी होडी जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. त्यांना ताटकळत ठेवले तर त्यांची मुले हा धंदा धरणार नाहीत, आणि मग तुमच्या गाठीला पैसा असूनही होडी दुरुस्त व्हावयाची नाही. सहावा, कोणी बाहेर पडत असेल तर त्याचा हिस्सा प्रथम उरलेल्यांनी घ्यावा.

पाण्यावरचे नियमही दोनच सांगतो. जाकीट अंगात हवे, होडीच्या तळाशी पडलेले नको. आणि शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याची दोरी कधीही पक्की बांधून ठेवू नये. ती हातात असावी. अचानक जोराचा झोत आला तर ती सोडली की शीड फडफडते आणि होडी सरळ होते. बांधलेली असेल तर गाठ सुटेपर्यंत होडी पाण्यात आडवी झालेली असते.

शेवटी, ज्यांच्या मनात होडी घ्यावयाचे आले असेल त्यांना एक सूचना. यंदा घेऊ नका. आगोटीला एखाद्या खाडीकाठी जा. होड्या वर ओढण्याचे दिवस असतात आणि तेथे खांदा लावणारा माणूस कोणाला नको असतो? एका होडीशी वर्षभर बांधून घ्या. तिला वर ओढा, घासा, कापूस भरा, तेल पाजा, आणि नारळी पौर्णिमेनंतर नाखवा नेईल तेव्हा तिच्यात बसा. वर्षाच्या शेवटी हातांना घट्टे पडलेले असतील आणि तरीही पुढच्या आगोटीची वाट पाहावीशी वाटत असेल, तर चार सोबती जमवा, एक वही घाला आणि तिच्या पहिल्या पानावर पहिली रक्कम होडीच्या नावाने लिहा.